औक्षणाला मुली, बाकं उचलायला मुलगे: माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांना खुले पत्र

प्रति,
राज्यातल्या माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक व मुख्याध्यापिका यांस,

सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित शाळेत नववी-दहावीला मराठी शिकवतो. मुलगी म्हणजे अशी आणि मुलगा म्हणजे तसा, या ठरून गेलेल्या समजुतींवर वर्गात मोकळेपणी बोलणं व्हावं, एवढ्यासाठी हे पत्र आहे. यावर तुमचं उत्तर मला माहीत आहे. "आमच्याकडे होतं की सगळं." होतं, नाही कशाला म्हणू? ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती होते, ८ मार्चला महिला दिन होतो. परिपाठात दोन मुली पाठ केलेलं भाषण म्हणतात, एखाद्या बाई प्रास्ताविक करतात, फळ्यावर रंगीत खडूने मोठी अक्षरं काढली जातात, फोटो ग्रुपवर पडतात आणि दुसरा तास सुरू होतो. त्या फळ्यावरची अक्षरं कुणी काढली, सतरंज्या कुणी घातल्या, फोटो काढून झाल्यावर चहाचे कप कुणी उचलले, हे मात्र त्या दिवशीसुद्धा कुणी बघत नाही.

ते बघण्यापासून सुरुवात करा, एवढीच माझी विनंती आहे. आपण या विषयावर बोलायला बसलो की पहिला प्रश्न मुलांच्या घराबद्दल विचारतो. तो शाळेबद्दल विचारायला हवा.

घरापासून सुरुवात करण्याचा रिवाज प्रशिक्षणांमधून आला आहे. फळ्यावर दोन रकाने आखायचे, एकात आई दिवसभर काय करते, दुसऱ्यात बाबा काय करतात. आईचा रकाना भरून वाहतो, बाबांचा अर्ध्यावर थांबतो, मग शिक्षकाने विचारायचं, "बघा, काय दिसतं?" प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये हा खेळ फार छान रंगतो, कारण तिथे सगळे आपणच असतो. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात तो सुरू झाला की कुणाचे वडील पुण्याला कंपनीत असतात आणि महिन्यातून एकदा येतात, कुणाचे पितात, कुणाचे नाहीतच, कुणाची आई माहेरी निघून गेलेली असते. ही मुलं खाली मान घालतात. उरलेल्यांना कळतं की सरांना काय उत्तर हवंय, आणि ती ते देतात. मुलं परीक्षेला सरावलेली असतात, ती अपेक्षित उत्तर चटकन हेरतात. दुसऱ्या दिवशी एखादे पालक ऑफिसात येऊन उभे राहतात: "आमच्या घरात कोण भांडी घासतं ते तुम्ही वर्गात कशाला विचारता?" हे पालक हेकट असतीलही, पण त्यांचा प्रश्न अगदीच गैर नाही. आपण त्यांच्या पाठीमागे, त्यांच्या पोराला साक्षीदार करून, त्यांचा हिशेब मांडलेला असतो.

शाळेच्या बाबतीत ही अडचण येत नाही. शाळा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते, सगळ्यांची सारखी असते, आणि तिथला आरोपी वर्गात खडू घेऊन उभा असतो.

नववी ब च्या एका ऑफ तासाला मी विचारलं, "आपल्या शाळेत शिकण्याखेरीज जी कामं चालतात ती सांगा, आणि ती कोण करतं ते सांगा." मला वाटलं होतं पाच-सहा गोष्टी निघतील. फळा पुरला नाही. रांगोळी, स्वागतगीत, ईशस्तवन, औक्षण, पाहुण्यांच्या चहाचे ट्रे, शिक्षकांच्या खोलीतला माठ विसळणं, वर्ग झाडणं: मुली. बाकं हलवणं, सतरंज्या वाहणं, पाण्याचे जार, स्पीकरचे खोके, बाजारातून खडूचा बॉक्स आणणं, झेंड्याची दोरी: मुलगे. एक मुलगी म्हणाली, "सर, पाहुणे यायचे असले की आमचे दोन तास जातात. गजरे यायची वाट बघत बसतो." लगेच मागच्या बाकावरून आवाज आला, "आणि आमचे जात नाहीत का? ट्रॅक्टरमधनं खुर्च्या कोण उतरवतं?" मग एक मुलगा उठून म्हणाला, "सर, तुम्ही आम्हाला कानफटीत देता. मुलींना नुसतं बोलता." वर्ग हसला, पण तो हसला नाही.

हे वाक्य घराबद्दलच्या कुठल्याही खेळातून निघालं नसतं. मुलग्यांनाही या वाटणीत सोसावं लागतं, ते शाळेतच सोसावं लागतं, आणि ते सोसायला लावणारे आपण असतो. शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये शारीरिक शिक्षेवर बंदी घातली, तरी "पोरांना दोन ठेवल्याशिवाय वळण लागत नाही" हे आपल्या स्टाफरूममधलं पक्कं मत आहे. पोरांना, म्हणजे मुलग्यांना. मैदानावर एखादा रडला की "मुलीसारखा काय रडतोस", स्पर्धेत मागे पडला की "बांगड्या भर", हे शब्द आपल्याच तोंडून येतात. हे ऐकत मोठ्या झालेल्या मुलाला आपण नववीत अचानक सांगतो की मुलींचा आदर करावा. बांगड्या भरणं ही शिक्षा आहे असं पाचवीपासून ऐकलेल्या मुलाने तो आदर कुठून आणायचा?

त्याच तासाला पुढे एका मुलाने विचारलं, "मग आता मुलींनी बाकं उचलायची का?" प्रश्न खवचट होता. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "उचलू की. तुम्ही पण दोघं मिळूनच उचलता." यावर वर्गात दहा मिनिटं जे भांडण झालं, तसं मी व्याकरणाच्या तासाला कधी ऐकलेलं नाही. बाक किती किलोचं असतं इथपासून सायकलवरून चाऱ्याचे भारे कोण आणतं इथपर्यंत. मी फारसं बोललो नाही. शेवटी त्यांनीच ठरवलं की कामं हजेरी नंबराने लावायची, पाच-पाचच्या गटाने, आणि दर महिन्याला फिरवायची. ठराव मी लिहून घेतला आणि आमच्या मुख्याध्यापकांकडे नेला.

पुढे संस्थेचे एक पाहुणे आले तेव्हा औक्षणाचं ताट एका मुलाच्या हातात होतं. पाहुणे क्षणभर थबकले, मागे वळून म्हणाले, "मुली नाहीत का शाळेत?" आमचे मुख्याध्यापक म्हणाले, "आहेत ना साहेब, बाकं लावताहेत." त्यांना स्वतःला हा प्रकार फार रुचला होता असं नाही, पण वर्गाने ठरवलेलं त्यांनी मोडलं नाही. मुख्याध्यापकांकडून यापेक्षा जास्त काही लागत नाही, असं माझं मत आहे. (औक्षण मुळात करावं का, हा वेगळा वाद आहे. तोही त्या वर्गात झाला आणि सुटला नाही.)

आता हजेरीपट बघा. बहुतेक शाळांत आधी सगळे मुलगे, मग सगळ्या मुली. याचं कारण मी अनेकांना विचारलं. "पटसंख्येचा गोषवारा काढायला सोपं जातं" हे एक उत्तर, "पहिल्यापासून तसंच आहे" हे दुसरं. गोषवारा शेवटी एकदा मोजून काढता येतो. हजेरी रोज वाचली जाते, आणि तिच्यात मुलीचं नाव सगळे मुलगे संपल्यावर येतं, रोज, पाचवी ते दहावी. बाकांच्या रांगा, प्रयोगशाळेतले गट, तोंडी परीक्षेचा क्रम, सगळं त्यावरून लागतं. अकारविल्हे लावायला एक जूनची दुपार पुरते.

मैदानाचीही तीच गोष्ट. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या संघात आमच्या सांगलीची स्मृती मानधना होती. त्याआधी जानेवारीत दिल्लीला झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या मुली जिंकल्या, त्यांची कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राचीच. आपण परिपाठात अभिनंदनाचे ठराव केले. त्याच आठवड्यात पीटीच्या तासाला बॅट कुणाच्या हातात होती? बहुतेक शाळांच्या मैदानावर मध्यभाग मुलग्यांचा असतो आणि मुली कडेला झाडाखाली बसतात. विचारलं तर शिक्षक म्हणतात, "त्यांनाच खेळायचं नसतं." असेल. पण पाचवीत त्यांना खेळायचं असतं. आठवीपर्यंत काय होतं, याचा शोध क्रीडाशिक्षकाने त्यांनाच विचारून घ्यावा. त्यात कपड्यांपासून स्वच्छतागृहाच्या कडीपर्यंत आणि "बघतात सगळे" पासून "घरी गेल्यावर आई बोलते" पर्यंत बरंच काही निघेल. यातलं निम्मं तरी शाळेच्या हातातलं असतं. कडी तर नक्कीच.

आणि दहावीचं विज्ञान. भाग २ मध्ये सजीवांच्या जीवनप्रक्रियांचा दुसरा धडा आहे, त्यात मानवी प्रजनन येतं, मासिक पाळी येते. हा धडा किती शाळांत "घरी वाचून या, यावर दोन मार्कांचा प्रश्न येतो" म्हणून उरकला जातो, हे मी सांगायला नको. काही ठिकाणी मुलग्यांना बाहेर पाठवून बाई मुलींना वेगळं सांगतात. शासनाने २०१८ मध्ये अस्मिता योजना काढून जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत पॅडचं पाकीट दिलं, हे चांगलंच झालं. पण ज्या मुलग्याला हा विषय खोलीबाहेर उभं राहून कळतो, तो तो चोरून आणि घाणेरड्या शब्दांत शिकतो. आता तर त्याच्या खिशात फोन आहे, बाहेर उभं राहायचीही गरज नाही.

पुस्तकांबद्दल एक गोष्ट मान्य करायला हवी. आपली पाठ्यपुस्तकं आपल्या पुढे गेली आहेत. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात आई आणि वडील दोघं बसून भाजी निवडताना दाखवले, डॉक्टर बाई दाखवली, स्वयंपाकी पुरुष दाखवला, आणि ही चित्रं बघून मुलांनी बोलावं असं सुचवलं. त्याच्या दोनच वर्षं आधी, २०१७ मध्ये, बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात हुंड्याच्या कारणांमध्ये मुलगी कुरूप किंवा अपंग असणं हेही एक कारण दिल्याचं उघड झालं आणि राज्यभर ओरड झाली. ते पुस्तक काही वर्षं वर्गांत शिकवलं जात होतं. हजारो शिक्षकांनी ते वाक्य वाचून दाखवलं असणार, मुलींनी ते परीक्षेत लिहिलं असणार. चित्र बदलणं हे मंडळाचं काम, ते त्यांनी केलं. छापलेल्या वाक्यावर वर्गात थांबून "हे खरं आहे का?" असं विचारायची सवय लावणं हे आपलं काम. ते पुस्तकात छापून येत नाही.

तुम्ही म्हणाल, अशा गप्पांनी काय बदलतं? रास्त शंका आहे, आणि तिचं उत्तर मोजून काढलेलं आहे. २००८ ते २०१० या काळात मुंबईतल्या पंचेचाळीस शाळांमध्ये सहावी-सातवीच्या मुलांसोबत असा प्रयोग झाला. कोरो ही स्वयंसेवी संस्था, टाटा समाज विज्ञान संस्था आणि स्त्रियांविषयी संशोधन करणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून तो केला. काही शाळांत वर्गात गटचर्चा आणि शाळाभर मोहीम असं दोन्ही झालं, काही शाळांत नुसती मोहीम. जिथे चर्चा झाल्या तिथे मुलांच्या विचारांत जास्त फरक पडला. पोस्टर, शपथ, प्रभातफेरी म्हणजे मोहीम. ८ मार्च म्हणजेही मोहीमच.

दुसरा अभ्यास हरियाणाचा, जे राज्य मुलींचं प्रमाण देशात सर्वांत खाली गेलेल्यांपैकी एक म्हणून आपण भूगोलात शिकवतो. चार जिल्ह्यांतल्या ३१४ सरकारी शाळा, सुमारे १४ हजार मुलं-मुली, सातवी-आठवीपासून पुढे अडीच वर्षं, साधारण दर तीन आठवड्यांनी ४५ मिनिटांचा एक तास, आणि त्यात चर्चा. मुलींना कमी लेखणाऱ्या मतांपैकी १६ टक्के मतं बदलली. १६ टक्के, ८० नव्हे. ज्यांना जादू हवी आहे त्यांनी हा मार्ग धरू नये. पण हे तास थांबून दोन वर्षं झाल्यावरही तो फरक टिकून होता, आणि मुलग्यांनी आपण घरकाम जास्त करतो असं सांगितलं. मला सगळ्यात मोलाचा वाटलेला निष्कर्ष मात्र वेगळाच आहे. मुलींच्या महत्त्वाकांक्षेत या तासांनी काही फरक पडला नाही, कारण ती आधीच मोठी होती. मुलींना शिकायचं होतंच. आपण मात्र बहुतेक सगळी शक्ती मुलींना "जागं" करण्यात घालतो, त्यांना स्वसंरक्षण, त्यांना मार्गदर्शन, त्यांना निबंध स्पर्धा. जागं करायचं राहिलंय ते भलतीकडेच.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याची घटना उघड झाली. मुंबई उच्च न्यायालयाने तिची स्वतःहून दखल घेतली आणि त्या सुनावण्यांमध्ये मुलग्यांना लहानपणापासून शिकवण्याची गरज न्यायमूर्तींनी बोलून दाखवली. आपल्या शाळांनी काय केलं? सीसीटीव्ही लागले, तक्रारपेटीला नवं कुलूप आलं, ते हवंच होतं. मुलींच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समित्या मार्च २०२२ च्या शासन निर्णयानुसार कागदावर होत्या, त्यांच्या बैठकांचे इतिवृत्त घाईने लिहिले गेले. मुलींना जादा तास नकोत, घोळक्याने घरी जा, अशा सूचना निघाल्या. मुलग्यांसाठी एक तरी सूचना निघाली का, हे आपापल्या शाळेचं सूचनांचं रजिस्टर काढून बघा.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती मी पुरुष शिक्षक म्हणून सांगू शकतो. हा विषय निघाला की तो हमखास बाईंकडे जातो. समिती बाईंकडे, महिला दिन बाईंकडे, मुलींचं समुपदेशन बाईंकडे. सर लोक त्या वेळी मैदानावर किंवा ऑफिसात. मुलगे हे बघतात आणि त्यातून जे समजायचं ते समजतात, की हे बायकांचं आहे. मुख्याध्यापक सर असतील, तर पहिले चार तास सरांनीच घ्यावेत, अशी माझी सूचना आहे. मुख्याध्यापिका असतील त्यांनी ते स्टाफमधल्या सगळ्यात कडक सरांना द्यावेत. विषय नीट येत नसला तरी चालेल. दोनशे पानांचं मार्गदर्शक हातात असण्यापेक्षा वर्गाचं ऐकून घ्यायची तयारी जास्त कामाला येते.

साहित्य नाही, ही तक्रार एका बाबतीत खरी आहे. जी मुलं मुलगा आणि मुलगी या दोन रकान्यांपैकी एकातही बसत नाहीत, त्यांच्याबद्दल शिक्षकाने काय करावं यावर एनसीईआरटीने २०२१ मध्ये एक प्रशिक्षण पुस्तिका काढली होती. आक्षेप आले आणि ती संकेतस्थळावरून काढली गेली. पण मुलं तर शाळेतून काढली गेली नाहीत, ती वर्गातच आहेत. रांगोळी सगळ्यात सुंदर काढणारा एक मुलगा आमच्याकडे होता. त्याला जे म्हणून चिडवलं जायचं तो शब्द तुम्हाला माहीत आहे, तो तुमच्या शाळेतही रोज ऐकू येतो. कामं हजेरी नंबराने लागायला लागली तेव्हा रांगोळी सगळ्यांच्याच वाट्याला आली, आणि त्याच्या गटातले तिघे त्याला ठिपके कसे मांडायचे ते विचारायला लागले. चिडवणं बंद झालं असं मी म्हणणार नाही. कमी झालं.

वेळेचं काय? दहावीचं वर्ष, बोर्डाचा निकाल, संस्थेला टक्केवारी दाखवायची. हे मला तुम्ही सांगायला नको, माझ्याच विषयाचा निकाल लागतो. पण वेळ वेळापत्रकात आधीच आहे. नववी-दहावीला स्वविकास व कलारसास्वाद हा श्रेणीचा विषय आहे. त्याच्या तासिका छापील वेळापत्रकात असतात आणि प्रत्यक्षात गणिताच्या किंवा इंग्रजीच्या सरांना दिलेल्या असतात. वर्षाअखेरीस सगळ्यांना "अ" श्रेणी पडते. त्यातली पंधरवड्याला एक तासिका परत मागतोय, नवीन काही मागत नाही. 

पालकांचं म्हणाल, तर शाळेपासून सुरुवात केली की त्यांची तक्रार बहुधा येतच नाही. आमच्या पालक सभेत कामाच्या वाटपाचा तक्ता भिंतीवर लावला होता. एक वडील तो बराच वेळ वाचत राहिले आणि म्हणाले, "आमच्या पोराला झाडू मारायला लावता?" त्यांच्या शेजारी त्यांची बायको होती. तिने विचारलं, "आमच्या पोरीला लावत होते तेव्हा?" दोघांची मुलं एकाच शाळेत. मला काही बोलायची गरज पडली नाही, सभा पुढच्या मुद्द्यावर गेली. घराचा प्रश्न असा घरच्यांनीच काढला तर तो टिकतो.

घरी काय परिस्थिती आहे, त्याची आकडेवारी तर सरकारच काढतं. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं. हे ८८ फक्त घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे. न लावणारे त्यात धरलेलेच नाहीत. आपल्या वर्गातल्या पंधरा वर्षांच्या मुलीने यातली किती मिनिटं सकाळी शाळेत यायच्या आधी घातलेली असतात, हे तिला पहिल्या तासाला डुलकी लागली की कळतं. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. म्हणजे पाचात एकीहून जास्त. एसटीचा मोफत पास, मानव विकासची बस, सायकल, या सगळ्या योजनांनी मुलगी शाळेपर्यंत आली. आणि दिवाळीनंतर किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर एखादं बाक रिकामं दिसतं, आपण नावापुढे "सतत गैरहजर" लिहितो. वर्गात या विषयावर बोलायची सवय असेल, तर ती रिकामी जागा व्हायच्या आधी कुणीतरी, बहुतेक तिची मैत्रीण, कधी एखादा वर्गमित्रही, येऊन सांगतो. चाइल्डलाइनच्या १०९८ या नंबरचा कागद सगळ्याच शाळांच्या भिंतीवर आहे. मुलं आधी नंबर फिरवत नाहीत, ऐकून घेणारं माणूस शोधतात.

घाबरण्यासारखं एकच आहे, आणि ते सांगून टाकतो. अशा तासांना मुलं आपल्याबद्दल बोलतात. एका मुलीने सगळ्यांसमोर विचारलं, "सर, स्टाफरूममध्ये चहा नेहमी बाईच का ओततात?" ती बरोबर होती. आमच्याकडे सहा सर आणि चार बाई आहेत, आणि चहाचा थर्मास शिपाई आणून ठेवतो. तिने विचारल्यापासून मात्र ज्याला हवा तो ओतून घेतो. मुख्याध्यापकांच्या केबिनबद्दलही प्रश्न येतील. वर्ग शांत ठेवणारा शिक्षक चांगला, असं मानणाऱ्या शाळेत हे तास घेणाऱ्याची गोपनीय अहवालात पंचाईत होऊ शकते, तेव्हा त्या तासाला आवाज होणार हे शेजारच्या वर्गांना आधी सांगून ठेवा.

पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकाचा कच्चा तक्ता एप्रिलअखेर तुमच्या टेबलावर येईल. त्यात स्वविकासच्या रकान्यात गणित लिहायच्या आधी एवढं करावं: पंधरवड्याला एक तास मोकळा सोडावा, त्यापुढे एका सरांचं नाव टाकावं, आणि जूनच्या पहिल्या तासाला फळ्यावर घरातल्या कामांऐवजी शाळेतली कामं लिहून घ्यावीत. हजेरीपट त्याच आठवड्यात अकारविल्हे लावून घ्यावा. आमच्या शाळेच्या तक्त्यात शुक्रवारची सहावी तासिका, नववी ब, माझ्या नावावर लावावी अशी विनंती मी आमच्या मुख्याध्यापकांना लेखी दिली आहे. पोच मिळाली आहे, उत्तर यायचं आहे.

आपला,
एक मराठीचा शिक्षक,
जिल्हा सांगली